सायक्लोहेक्झॅनॉल दोनदा वितळतं, आणि मोठं वितळणं आधीच उरकतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी एका विद्यार्थ्याने बाटलीतलं सायक्लोहेक्झॅनॉल (सहा कार्बनांच्या कड्याला एक हायड्रॉक्सिल, म्हणजे ओएच, जोडलेला पदार्थ) डीएससीत चालवलं, म्हणजे नमुना थंड-गरम करताना तो किती उष्णता घेतो-सोडतो ते मोजणाऱ्या यंत्रात. मिनिटाला १० अंशांनी थंड करताना २८० केल्विनच्या आसपास एकच बुटकं शिखर आलं, त्याखाली काहीच नाही. परत तापवताना मात्र १५० ला बेसलाइन पायरीसारखी सरकली, २०० च्या पुढे उलट्या दिशेचं एक पसरट शिखर आलं, २६५ च्या जवळ भलंमोठं शिखर आणि २९४ ला एक किरकोळ. पुस्तकात द्रवणांक २९९ दिलेला. मार्गदर्शकांचं म्हणणं, नमुना अशुद्ध आहे, टाकून द्या. विद्यार्थ्याचा प्रश्न: यातलं खरं वितळणं कोणतं?

बाटली टाकू नका. तुमचा आलेख चांगला आहे. त्यात एकच दोष आहे आणि तो पाण्याचा आहे. त्याकडे शेवटी येते. वितळणं म्हणाल तर २९४ चं ते किरकोळ शिखर. आणि २६५ ला जे झालं तेही एका अर्थी वितळणंच, फक्त तेव्हा पदार्थ घनच राहिला.

हे उलटंपालटं वाटतं, कारण शाळेपासून आपल्या डोक्यात स्फटिकाचं एकच चित्र बसलेलं असतं: मिठाचा खडा. प्रत्येक आयन आपल्या जागी, आणि जागा म्हटली की सगळं आलं. आयन गोल असल्यामुळे त्याचं तोंड कुठे, हा प्रश्नच उद्भवत नाही. रेणूला मात्र जागाही असते आणि दिशाही. या दोन्हींची शिस्त एकाच वेळी मोडलीच पाहिजे असा नियम कुठेही नाही.

पंगत डोळ्यासमोर आणा. पाट मांडलेत, रांगा सरळ आहेत, जो तो आपल्या पाटावर आहे. पण कुणी वाढप्याकडे बघतंय, कुणी मागच्या रांगेतल्या मेव्हण्याशी बोलतंय, पोरं भलतीकडेच वळलीत. गच्चीतून पाहिलं तर रांग चोख, तोंडं पाहिली तर सावळा गोंधळ. श्लोक सुरू झाला की सगळी तोंडं ताटाकडे वळतात. ती थंड, शिस्तीतली प्रावस्था, म्हणजे पदार्थाचं एक रूप. आणि पंगत उठून माणसं मांडवभर पांगली की तो द्रव. मधली जी अवस्था आहे, पाट धरलेले पण माना मोकळ्या, तिला प्लॅस्टिक स्फटिक म्हणतात. इथे ‘प्लॅस्टिक’चा बादलीच्या प्लॅस्टिकशी काही संबंध नाही. दाबलं की तुटायच्या ऐवजी मऊ पडतो, आकार घेतो, एवढ्याच अर्थाने. ब्रसेल्सचे जाँ टिमरमान्स यांनी १९३० च्या दशकात अशा पदार्थांचा वेगळा गट पाडला आणि एक सोपी कसोटी दिली: वितळतानाची एन्ट्रॉपीवाढ (अव्यवस्थेचं माप; घेतलेली उष्णता भागिले तापमान) मोलला केल्विनमागे साधारण २१ ज्यूलपेक्षा कमी असेल तर पदार्थ या गटातला समजावा. त्यांच्या एककांत ती पाच कॅलरी होती. इतकी वर्षं झाली तरी पहिला अंदाज घ्यायला मी हीच कसोटी वापरते.

आता आकडे, कारण सगळी गोष्ट आकड्यांतच आहे. बेंझीन २७८.७ केल्विनला वितळतं आणि मोलला ९.८७ किलोज्यूल घेतं. भागाकार केला की एन्ट्रॉपी येते ३५. सायक्लोहेक्झेन बेंझीनच्या जवळजवळ त्याच तापमानाला, २७९.८ ला, वितळतं, पण घेतं अवघे २.७ किलोज्यूल, एन्ट्रॉपी १० च्या आतबाहेर. दोन्ही सहा कार्बनांची कडी, वजन जवळपास सारखं, द्रवणांकात एका अंशाचा फरक, आणि वितळण्याचा खर्च चौथ्या हिश्शाच्या जवळ. मग उरलेला खर्च कुठे गेला? १८६.१ केल्विनला पाहा. तिथे घन सायक्लोहेक्झेन दुसऱ्या घन रूपात जातं आणि ६.७ किलोज्यूल घेतं, म्हणजे एन्ट्रॉपी ३६. बेंझीनने एकरकमी भरलं, सायक्लोहेक्झेनने दोन हप्त्यांत, आणि पहिला हप्ता मोठा. तुमच्या सायक्लोहेक्झॅनॉलचंही तेच आहे: २६५ ला साधारण ८.८ किलोज्यूल, २९९ ला १.८ च्या आसपास. पहिल्या हप्त्याची एन्ट्रॉपी ३३, दुसऱ्याची ६. म्हणून तुमचं मोठं शिखर आधी आणि किरकोळ नंतर.

मीही विद्यार्थिदशेत याच खड्ड्यात पडले होते. सायक्लोहेक्झेनचा पहिला आलेख काढला, १८६ चं उंच शिखर पाहिलं आणि वहीत बिनधास्त ‘वितळणे’ असं लिहून टाकलं. सरांनी वही उघडली, पेन्सिल २८० वर टेकवली आणि विचारलं, “मग इथे काय झालं, उकळलं का?” ती पेन्सिलची खूण त्या वहीत अजून आहे.

१८६ च्या वर सायक्लोहेक्झेनचा स्फटिक कसा असतो, ते क्ष-किरणांतून छान दिसतं. घन जाळी, प्रत्येक पृष्ठाच्या मध्यावर एक रेणू, कडेची लांबी ८.६१ अँगस्ट्रॉम. शेजारच्या रेणूचं केंद्र सुमारे ६.१ अँगस्ट्रॉमवर. म्हणजे तांब्याची किंवा अॅल्युमिनियमची असते तशीच रचना. अणूच्या जागी अख्खा रेणू. पण फोटो पाहाल तर सुरुवातीच्या मोजक्या रेषा ठळक आणि पुढे कोन वाढला की सगळं विरून जातं. कारण क्ष-किरणांना केंद्रं दिसतात, पण त्याभोवतीचे कार्बन कधी इथे कधी तिथे, सरासरीने एखाद्या धुरकट गोळ्यासारखे. १८६ च्या खाली नेलं की सममिती ढासळते, स्फटिक एकनताक्ष होतो आणि दूरच्या कोनांपर्यंत रेषाच रेषा दिसायला लागतात. सममिती कमी झाली आणि माहिती वाढली, हे नव्याने शिकणाऱ्याला पचायला जड जातं. जास्त गोंधळ म्हणजे जास्त सममिती.

‘रेणू फिरतो’ या शब्दांनी मात्र फसू नका. जुन्या पुस्तकांत मुक्त परिवलन असं लिहिलेलं सापडतं, जणू रेणू भोवऱ्यासारखा गरगरतोय. तसं नसतं. बहुतेक वेळ तो काही ठरावीक दिशांपैकी एकीत थरथरत बसलेला असतो आणि मधूनच दुसरीत उडी मारतो. उड्या सेकंदाला अब्जावधी असतात, म्हणून सरासरी काढणाऱ्या यंत्राला तो गोल दिसतो. आणि हे फिरणं म्हणजे खुर्ची (कड्याचा खुर्चीसारखा वाकडा आकार) उलटणंही नव्हे, ही गल्लत परीक्षेच्या वह्यांत फार दिसते. सायक्लोहेक्झेनची खुर्ची उलटायला मोलला ४३ ते ४५ किलोज्यूलचा चढ आहे, त्यामुळे ते नेहमीच्या तापमानालाही सेकंदाला लाखभर वेळाच घडतं. रेणू अख्खाच्या अख्खा वळणं त्याहून कितीतरी पटींनी जलद आहे.

आता ज्यावर मला सगळ्यांत जास्त बोलायचंय ते. हालचाल आणि अव्यवस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे एकदा उमगलं की निम्मे आलेख आपोआप वाचता येतात.

१९५३ साली अँड्र्यू आणि ईड्स यांनी घन बेंझीनचं एनएमआर, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रकांनी दिलेला प्रतिसाद, मोजलं. ९० केल्विनच्या खाली रेषा रुंद. तिचा दुसरा आघूर्ण, म्हणजे रुंदीचं एक माप, ९.७ गाउस-वर्गांच्या आसपास. ९० ते १२० च्या दरम्यान तो घसरून १.६ वर येतो आणि मग तिथेच राहतो. अर्थ उघड आहे: रेणू आपल्या सहापदरी अक्षाभोवती वळायला लागला. बेंझीन वितळतं २७९ ला, म्हणजे त्याच्या दीडेकशे अंश खालीच कडी फिरायला लागलेली असते. पण उष्मामापकात तिथे काय दिसतं? काहीच नाही. शिखर नाही, पायरी नाही. क्ष-किरणांनाही स्फटिक पूर्ण शिस्तीतलाच दिसतो.

कारण साधं आहे. पान्याने षटकोनी नट एक कड फिरवा आणि डोळे मिटलेल्या माणसाला विचारा, काही बदललं का? बदललेलं कळणारच नाही. बेंझीन ६० अंशांनी वळलं की पुन्हा तंतोतंत आधीच्याच जागी बसतं. नव्या मांडण्या तयारच होत नाहीत, मग एन्ट्रॉपी वाढणार कशी? हालचाल भरपूर, अव्यवस्था शून्य.

उलटही घडतं: अव्यवस्था भरपूर आणि हालचाल जवळपास बंद. ते तुमच्या १५० च्या पायरीत आहे.

या दोहोंच्या मध्ये थायोफीन. पाच जणांच्या कड्यातला एक गंधक. आकाराने बेंझीनच्या इतकं जवळ, की उत्कलनबिंदूत चारेक अंशांचाच फरक, आणि म्हणूनच कोळशाच्या डांबरापासून काढलेल्या बेंझीनमध्ये ते लपून बसलेलं होतं. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला व्हिक्टर मेयर यांनी ते पकडलं. थायोफीनही आपल्या प्रतलात वळतं, पण एक घर वळलं की गंधक दुसऱ्या जागी येतो. नटाच्या एका कडेवर लाल रंगाचा ठिपका दिला, असं समजा. आता प्रत्येक वळण मोजलं जातं. म्हणून बेंझीन थंड करताना जिथे काहीच घडत नाही, तिथे थायोफीन एकामागून एक प्रावस्था बदलत जातं.

मोजायचं म्हटलं, तर सूत्र सगळ्यांना पाठ असतं: दिशा दुप्पट झाल्या तर एन्ट्रॉपी आर (वायूंचा स्थिरांक) गुणिले दोनचा नैसर्गिक लॉग, म्हणजे ५.७६ ने वाढावी. सूत्र बरोबर आहे, पण त्यावर भिस्त ठेवून मांडलेले प्रबंध मी परत पाठवलेले आहेत. अॅडमँटेन घ्या. चार कड्या एकमेकांत गुंफलेला, जवळपास चेंडूच म्हणावा असा रेणू. २०८.६ केल्विनच्या वर त्याला जाळीत दोन दिशा मिळतात, खाली एकच. हिशेबाने ५.७६ यायला हवेत. मोजून येतात १६ च्या वर. उरलेले दहा कुठले? जाळी फुगते, रेणूभोवतीची जागा सैल होते, थरथर मोठी होते, त्याचीही एन्ट्रॉपी असते. सायक्लोहेक्झेनच्या ३६ मधून सरळ दिशांची संख्या काढायला गेलात तर ७८ वगैरे उत्तर येतं. ते खरं मानून त्या ७८ दिशा शोधत बसू नका.

आता घरात करून पाहण्यासारखं. कापूर हा दोन कड्या एकमेकींत अडकवलेला रेणू आहे आणि नेहमीच्या तापमानाला तो दिशांच्या अव्यवस्थेतच असतो. कापराच्या दोन आरसारूपांपैकी उजव्याची दिशाशिस्त शून्याखाली तीसेक अंशांवर गेलं की बसते. खलात नॅफ्थलीनची डांबरगोळी घाला आणि बत्ता मारा: ठिकऱ्या उडतील, दोन मिनिटांत पूड. मग शुद्ध कापराचा खडा घाला. तो दबतो, चपटा होतो, बत्त्याला आणि खलाच्या तळाला चिकटतो, पुन्हा गोळा होतो, पण पूड काही होत नाही. औषधशास्त्राच्या मुलांना म्हणूनच शिकवतात की कापूर कुटताना चार थेंब अल्कोहोल टाका, मग तो नीट बारीक होतो. नॅफ्थलीनची वितळण-एन्ट्रॉपी ५४, कापराची १५. बत्त्याच्या हाताला लागतो तो हा फरक. (बाजारात भीमसेनी म्हणून जे मिळतं त्याच्या रसायनाची भानगड वेगळी आहे, ती इथे नको.)

कापराचा दुसरा गुणही इथूनच येतो, आणि तो थेट तुमच्या बाटलीपर्यंत जातो. वितळायला उष्णता कमी लागत असेल, तर थोडीशी भेसळही द्रवणांक खूप खाली ओढते. ही खेच मोजणारा स्थिरांक, किलोमागे एक मोल विरघळवलं तर किती अंश, पाण्यासाठी १.८६ आहे, बेंझीनसाठी ५.१, सायक्लोहेक्झेनसाठी २० च्या वर, आणि कापरासाठी ३८ च्या आसपास. कार्ल रास्ट यांनी १९२२ मध्ये याचाच फायदा घेऊन रेणुभार काढायची रीत दिली: अज्ञात पदार्थाची चिमूट कापरात वितळवायची, केशनळीत भरायची, आणि साध्या तापमापीवर वितळणं बघायचं. पाण्यात जो फरक पकडायला शंभरांश अंशाचा तापमापी लागायचा, तो कापरात डोळ्यांना दिसतो. कापूर, ओव्याचं फूल आणि पुदिन्याचं फूल एका शिशीत घातलं की तिन्ही घन बघता बघता पाणी होतात, ती घरगुती अमृतधारा. तिथे रेणूंची आपसातली ओढही कामाला लागते, पण कापराचा हा हळवेपणा त्यात आहेच.

तर सायक्लोहेक्झॅनॉल. त्याचा हा स्थिरांक ४० च्या घरात आहे, आणि पदार्थ हवेतलं पाणी ओढणारा. तुमचं शिखर २९९ ऐवजी २९४ ला आलं. पाच भागिले चाळीस, म्हणजे किलोमागे अष्टमांश मोल. पाण्याचा मोल १८ ग्रॅमचा, तेव्हा किलोला सव्वादोन ग्रॅम पाणी. टक्क्याचा पावभागसुद्धा नाही. बेंझीनमध्ये तेवढ्याच मोलांची भेसळ असती तर द्रवणांक जेमतेम अर्धा-पाऊण अंश हलला असता आणि तुम्ही दोघंही खूश राहिला असता. मुंबईच्या पावसाळ्यात झाकण दोनदा उघडलं तरी एवढं पाणी आत जातं. म्हणून बाटलीवर २५ अंश सेल्सिअस छापलेलं असूनही विशीतल्या तापमानाला ती पातळच राहिलेली दिसते. लेबल खोटं नाही. एक पुस्ती जोडते: प्लॅस्टिक स्फटिक सैल असतो, आपल्याच मापाच्या पाहुण्याला जाळीत सामावून घेतो. कारखान्यात सायक्लोहेक्झॅनॉल आणि सायक्लोहेक्झॅनोन जोडीनेच तयार होतात, नायलॉनकडे जाणाऱ्या वाटेवर, तेव्हा बाटलीत सायक्लोहेक्झॅनोनचा, म्हणजे कीटोनचा, अंश असू शकतो. तो घनातही शिरत असेल तर वरचा हिशेब कमी पडेल. आधी पाणी काढा, मग बोलू.

राहिली १५० ची पायरी आणि २०० च्या पुढचं उलटं शिखर. थंड करताना तुम्ही मिनिटाला १० अंशांनी गेलात. द्रव गोठून प्लॅस्टिक स्फटिक झाला, ते २८० चं बुटकं शिखर. पुढे २६५ ला शिस्तीत यायला हवं होतं, पण त्यासाठी रेणूंनी दिशा जुळवून आणि हायड्रॉक्सिल हातांचे बंध नव्याने बांधून बसायला हवं. त्याला वेळ लागतो आणि तो तुम्ही दिला नाहीत. तापमान घसरत गेलं, उड्या मंदावल्या, आणि १५० च्या सुमाराला त्या आपल्या मोजमापाच्या वेळेत दिसेनाशा झाल्या. माना जिथे होत्या तिथेच गोठल्या. केंद्रांची रांग सरळ, तोंडं वाकडी, आणि आता वळतही नाहीत. १९६८ साली ओसाकाच्या अडाची, सुगा आणि सेकी यांनी याच पदार्थावर हे बारकाईने मोजलं आणि त्याला काचेरी स्फटिक म्हटलं. काच म्हणजे द्रवच गोठलेला असतो, ही समजूत त्यानंतर टिकली नाही; दिशाही काचेसारख्या गोठतात. तापवताना १५० ला त्या सुटतात, उष्माधारिता (एक अंश तापायला लागणारी उष्णता) एकदम वाढते, म्हणून पायरी. २०० च्या पुढे सुटलेले रेणू शेवटी शिस्तीत बसतात आणि उष्णता बाहेर टाकतात. ते उलटं शिखर. म्हणजे ते तुमच्या यंत्राचा दोष नाही.

पुढच्या वेळी असं करा. नमुना आण्विक चाळणीवर (पाणी शोषणारे सच्छिद्र दाणे) दोन दिवस ठेवा आणि पॅन, म्हणजे नमुन्याची छोटी वाटी, कोरड्या खोक्यात बंद करा. साधं झाकण नको, दाबून बंद होणारं घ्या. पहिल्या फेरीत १२० पर्यंत उतरा, मग २३५ च्या आसपास तासभर थांबून पुन्हा खाली जा. आता तापवताना १५० ची पायरी आणि उलटं शिखर जवळजवळ नाहीसं व्हायला हवं, आणि २६५ चं शिखर भरायला हवं. २४५ च्या जवळ छोटंसं काही दिसलं तर घाबरू नका, तिथे आणखी एक अर्धस्थिर, म्हणजे तात्पुरती टिकणारी, प्रावस्था आहे. थांबण्याचा वेळ वाढवा. २७३ ला दिसलं तर ते भट्टीत साचलेलं दव आहे, पदार्थाचं नव्हे.

आणि त्याआधी यंत्राचं तापमान तपासा. इंडियमवर तपासून थांबू नका, ते ४३० च्या घरात वितळतं, तुमचं काम त्याच्या कितीतरी खाली आहे. शुद्ध सायक्लोहेक्झेनचा एक पॅन चालवा: एकाच फेरीत १८६.१ आणि २७९.८ असे दोन खुंटे मिळतात. वाचन तापवतानाचंच घ्या, थंड करतानाचं नाही, कारण खाली जाताना दोन्ही शिखरं वाटेल तिथे उशिरा येतात. मार्गदर्शकांना दाखवताना सायक्लोहेक्झेनचा आलेख वर ठेवा आणि तुमचा त्याखाली.